वेदनेचा पंचनामा

मी सरकारतर्फे दुखून घेण्याची नोकरी करतो. पदाचं नाव सहवेदक तपासनीस, वर्ग तीन. लग्नाच्या बायोडेटात हे लिहिल्यापासून स्थळं यायची थांबली आहेत, कारण मुलीकडच्यांना हा संसर्गजन्य आजार वाटतो.

माझं नाव शौर्य बाबर. माझ्या जन्माच्या सुमारास हे नाव इतकं जोरात होतं, की शाळेत आमच्या वर्गात चार शौर्य होते आणि इंजेक्शनवाले आले की चौघंही बाकाखाली सापडायचो. आमचा आंबेकुस तालुका घरटी एक शिपाई देतो. माझी छाती भरतीत दोन सेंटिमीटर कमी भरली, दोन्ही वेळा. पण आमच्या घराचा वाटा आत्यानं आधीच उचललेला होता, त्यामुळे कुणी फार बोललं नाही. थोडं बोलले. अजून बोलतात.

आत्या म्हणजे हवालदार ऋतुजा बाबर, निवृत्त. ती पुरवठा तुकडीत ट्रक चालवायची. पंधरा हजार फुटांवर, जिथं साधा भात शिजवायचा तर अर्धा दिवस जातो. एका हिवाळ्यात रस्ता खचला, ट्रक कलला, मागची बटाट्याची पोती सुटली. खाली उभ्या असलेल्या तुकडीतल्या दोन पोरींना आत्यानं ढकलून दिलं आणि ती स्वतः पोत्यांखाली आली. पाठीचे दोन मणके चेपले. गावात याचा सारांश 'बटाट्यानं जखमी' असा झाला. आत्याही तसंच सांगते. "गोळीची वाट बघत होते, आला बटाटा," म्हणते, आणि लोक हसले की तीही हसते. पोरींचा भाग ती सांगत नाही. तो मला फाईलमधून कळला.

माजी महिला सैनिकांसाठी सरकारनं साहाय्य योजना काढली तेव्हा आत्याला त्यातून एक 'चलनसाहाय्यक बाह्य-कणा' मिळाला. गावात त्याला साज म्हणतात. खांद्यापासून कंबरेपर्यंत काळ्या पट्ट्या, त्यात बारीक मोटारी. माणूस वाकायला लागला की साज आधी वाकतो आणि भार आपल्यावर घेतो. आत्या साज घालून भाकरी थापायची तेव्हा पाठीतून मधमाशीसारखा आवाज यायचा. माझे आईवडील पिंपरीला असतात, नोकरी इथं लागली म्हणून मी आत्याकडे राहतो. तो आवाज आला की जेवण तयार, एवढाच मला त्याचा अर्थ माहीत होता.

आता माझ्या यंत्राबद्दल.

दुखण्याचा मोठा दोष असा, की ते ज्याचं त्यालाच दिसतं. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. दुखण्यासाठी मात्र डॉक्टरांकडे कैक वर्षं एकच उपकरण होतं : "कसं वाटतंय?" पुढे एक ते दहा आकडे आले. त्यातही गोची होती. ठेच लागलेला माणूस नऊ म्हणायचा आणि आमच्याकडच्या बायका पाय मोडला तरी दीड म्हणायच्या.

मग सहवेदक निघाला. वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसांतून वीज धावते, आणि वीज धावली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते इतकं क्षीण, की पृथ्वीच्या क्षेत्रापुढे म्हणजे ढोलताशांच्या पथकात मुंगी शिंकावी. नवे संवेदक ती शिंक पकडतात. एक पट्टा अर्जदाराच्या पाठीला लावायचा, तो तिच्या नसांची सगळी कुजबुज टिपतो. दुसरा पट्टा तपासनीसाच्या पाठीला. तो ध्वनिलहरींनी त्याच जागेच्या नसा त्याच तालात छेडतो. इजा काही होत नाही, पण तिचं दुखणं तुम्हाला दुखतं.

अडचण एकच. प्रत्येकाच्या नसांचा आवाज वेगळा. म्हणून आधी जुळणी करतात. दोघांनी एका बर्फाच्या बादलीत एक मिनिट हात बुडवायचा. थंडी तीच, नसा दोघांच्या. हिच्या किती ओरडल्या आणि ह्याच्या किती, हे बघून यंत्र ठरवतं की हिचं दुखणं ह्याच्या अंगात किती मोठ्यानं वाजवायचं. ज्याच्या नसा बर्फालाही हळूच बोलतात, त्याच्या अंगात सगळंच हळू वाजवायचं.

हे शेवटचं वाक्य प्रशिक्षणात आम्हाला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

मग तपासनीसाच्या नसांवरून आकडा निघतो. चार किंवा वर, मदत चालू. चारच्या खाली, बंद. माणूस मध्ये कशाला, असं कुणीही विचारेल. तर सुरुवातीला माणूस नव्हताच. मग एका खटल्यात वकिलानं विचारलं, "हे दुखणं पाहिलेला साक्षीदार कुठाय?" तेव्हापासून नियम झाला की सरकारच्या एका माणसाला प्रत्यक्ष दुखलं पाहिजे आणि त्याचा दोन पंचांसमोर पंचनामा झाला पाहिजे. आमचे ठरलेले पंच म्हणजे समोरचे चहावाले नामाअण्णा आणि शेजारचे झेरॉक्सवाले काळोखे. पंचांनीही दहा-दहा सेकंद पट्टा लावून बघावा असं लिहिलं आहे. नामाअण्णा चहा ठेवता ठेवता सही करायचे : 'आम्ही समक्ष हजर राहून सदर दुखणे पाहिले.' काळोखे सह्या करून झेरॉक्स काढूनच ठेवायचे.

राहिले कुंभारसाहेब, आमचे केंद्रप्रमुख. सज्जन माणूस. पुरुष कर्मचारी आणि महिला अर्जदार यांनी एका बादलीत हात घालून मिनिटभर समोरासमोर बसायचं, हे त्यांना बरं दिसेना. म्हणून केंद्र उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन भांडी केली. बादली अर्जदाराला, घमेलं आपल्याला. मग दोन भांड्यांना पुरेल इतका बर्फ येईना. थर्मामीटर एकच होता आणि तो बादलीत लागलेला. तेव्हा साहेबांनी घमेल्यात माठातलं पाणी घेतलं.

"गारच असतंय की," मी रुजू झालो तेव्हा ते मला म्हणाले. "सारखा बर्फात हात घालशील तर म्हातारपणी बोटं वळायची न्हाईत. आणि बायामाणसांचा मान राहतो."

मी मान राखला. दीड वर्षात एकशे चौदा बायकांचा.

*

दर तीन वर्षांनी मदतीचा फेरआढावा होतो. आत्याचा मार्चमध्ये आला. नातेवाइकाची तपासणी करू नये असा नियम आहे, पण तो पाळायचा तर आमच्या तालुक्यात केंद्राला कुलूप लावावं लागेल.

"हवालदार ऋतुजा बाबर," मी फाईलमध्ये बघत म्हणालो.

"हजर," आत्या म्हणाली. तासाभरापूर्वी तिनंच मला डबा भरून दिला होता.

"साज काढून ठेवा."

"ठेवा?" तिनं कुंभारसाहेबांकडे बघितलं. "घरात तर 'आत्या, माझं बनियन कुठाय' म्हणतो."

साहेब हसले. तिनं साज काढला, बर्फात हात घातला. एसटीची वाट बघणाऱ्या बाईसारखा चेहरा. मी घमेल्यात हात घातला. मिनिट संपल्यावर ती म्हणाली, "अजून ठिवू का थोडा? न्हाई, बर्फ वाया जातोय म्हणून."

पट्टे लागले. माझ्या कंबरेत काहीतरी हललं. लांबच्या लग्नात सतरंजीवर फार वेळ बसल्यावर अवघडतं, तितपत. आकडा आला दोन पूर्णांक नऊ.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरात ती 'ते पातेलं जरा खाली दे' म्हणायची तेव्हा माझ्या मनात कुठंतरी यायचं, की साज आहे, मोटारी आहेत, मग एवढं काय? त्या शंकेला आता दशांश चिन्हासकट पुरावा मिळाला. संशय असल्यास फेरमोजणी घेता येते. मी घेतली नाही. आत्यासाठी घेतली असं लोक म्हणाले असते.

"कितीय?" तिनं विचारलं.

"दोन पूर्णांक नऊ."

"म्हंजे नापास."

"तसं नाही आत्या. म्हणजे तुझी तब्येत बरी आहे."

"हां," ती म्हणाली. "ते पण हाय."

नामाअण्णांनी सदर दुखणे पाहिले. कुंभारसाहेबांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या सोमवारी केंद्राच्या फलकावर माझा फोटो लागला, खाली 'नि:पक्षपाती कर्मचारी'. फोटोत माझा एक डोळा मिटलेला आहे.

साज न्यायला दोन माणसं आली. आत्यानं तो ओल्या फडक्यानं पुसला, पट्टे जुळवले, आणि रायफल जमा करतात तसा दोन्ही हातांवर ठेवून जमा केला. पावती मागून घेतली. त्या दिवशी भाकरी थापताना घरात कसलाच आवाज नव्हता, म्हणून मला जेवायला यायला उशीर झाला. ती रागावली नाही.

मला अपेक्षा होती की ती अपील करेल, निदान मला दोन शिव्या देईल. ते सोपं गेलं असतं. तिनं तिसरीच गोष्ट केली. तिनं आकड्यावर विश्वास ठेवला.

"मशीन कशाला खोटं बोलंल?" एकदा जेवताना ती म्हणाली. "मीच अंगाचे लाड करत आसंन. चौदा वर्षं झाली, सवय लागती माणसाला. दुखतंय दुखतंय म्हणायची."

"तू कधी म्हणालीस?"

"मनात म्हणायचे की."

दुसऱ्या दिवसापासून ती पाण्याचा हंडा स्वतः उचलायला लागली. धुणं गच्चीवर न्यायला लागली. दुपारी आडवं व्हायचं तिनं बंद केलं. तिची चाल बदलली, भिंतीच्या कडेनं चालायला लागली. मी ते बघितलं आणि मनात म्हणालो, भिंतीच्या कडेला सावली असते.

*

मेमध्ये एका माकडानं खिडकीतून येऊन आमचा माठ पाडला. सरकारी कामकाजात सुधारणा घडवून आणणारं आमच्या तालुक्यातलं ते पहिलंच माकड असावं.

त्या दिवशी निवृत्त नाईक शबनम मुलाणी अपिलावर आल्या होत्या. सीमेवर गस्तीत गुडघे गेलेले. आठ महिन्यांपूर्वी मी त्यांना दोन पूर्णांक चार दिले होते. नळाला पाणी नव्हतं, माठाचे तुकडे कोपऱ्यात पडलेले, साहेब रजेवर. शेवटी मी म्हणालो, "मॅडम, तुमच्याच बादलीत हात घालतो, चालेल का?"

"घाला की सर. मला वाटलं तुम्ही सोवळं पाळता."

दहाव्या सेकंदाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विसाव्याला मी मोठ्यानं काहीतरी बोललो. मुलाणीबाई माझ्याकडे कुतूहलानं बघत होत्या. मग पट्टे लागले, आणि मी खुर्चीवरून खाली गेलो.

गेलो म्हणजे पडलोच. गुडघ्याच्या वाटीमागे कुणीतरी तापलेली सळई घालून सावकाश फिरवत होतं, आणि फिरवणाऱ्याला कसलीही घाई नव्हती. नामाअण्णांच्या हातातला चहा माझ्या शर्टावर सांडला, तो मला जाणवलाही नाही.

"सर, पाणी देऊ?" मुलाणीबाईंनी विचारलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांना तेच दुखत होतं. "गेल्या टायमाला तर तुम्ही बिस्किट खात होता."

सात पूर्णांक एक.

मी जमिनीवर बसल्या बसल्या हिशोब केला. माझा हात माठात, नसा हळू बोलल्या. यंत्राला वाटलं, हा माणूस बर्फालाही हूं की चूं करत नाही. ह्याच्या अंगात सगळंच हळू वाजवा. एकशे चौदा जणींचं दुखणं मी आवाज बारीक करून ऐकलं होतं. आणि मग प्रत्येकीला लेखी कळवलं होतं, की तुम्ही फार मोठ्यानं ओरडत नाही.

कुंभारसाहेब रजेवरून आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी दार लावलं.

"म्हणजे माठामुळं?"

"हो साहेब."

"पण माठाचं पाणी गार होतं."

"गार होतं साहेब. बर्फ नव्हतं."

ते बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचा देवाचा फोटो बघत राहिले. "बघ शौर्य, मी वाईट हेतूनं न्हाई केलं. एका बादलीत परक्या बाईचा अन् आपला हात... तूच सांग, बरं दिसतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलाणीबाईंचं अपील मंजूर करू. बाकीच्या जशा येतील तशा नव्या पद्धतीनं करू. जुनं उकरलं तर तुझ्या सगळ्या पंचनाम्यांवर तुझी सही हाय, माझी न्हाई. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

मी म्हणालो, बघतो.

मी अकरा दिवस बघितलं. या अकरा दिवसांबद्दल मला काही विनोद सुचत नाही. मी वेळेवर ऑफिसला जात होतो, आत्याच्या हातचं जेवत होतो. तिनं हंडा उचलला की खोलीत जाऊन फोन बघत होतो.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी गच्चीच्या जिन्यापाशी आलो. वर आत्याचा आवाज येत होता. ती ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढत होती. एक पायरी चढायची, थांबायची, पुढची चढायची. आणि कवायतीत पावलं मोजतात त्या ठेक्यात म्हणत होती :

"दोन पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक नऊ. चल. दोन पूर्णांक नऊ."

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती स्वतःला समजावत होती, की तिला दुखत नाहीये. आणि पुरावा म्हणून ती मला समोर धरत होती.

मी जिन्यावर जाऊन बादली घेतली आणि सगळं सांगितलं. माठ, घमेलं, माकड, मुलाणीबाई. सांगताना मी पायऱ्यांकडे बघत होतो, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. ती हळूहळू पायरीवर बसली.

"म्हंजे मला दुखतंय," ती म्हणाली.

"हो आत्या."

"खरंच दुखतंय."

"हो."

तिनं मोठा श्वास सोडला. मग फौजेतल्या आवाजात विचारलं, "किती जणी?"

"एकशे चौदा. तू धरून."

"त्यातल्या नापास किती?"

"एकशे सहा."

"कधी कळलं तुला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "आत्ताच. म्हणजे... थोडे दिवस झाले."

"किती?"

"अकरा."

गच्चीवर शेजारणीचा रेडिओ लागला होता, त्यावर कुणीतरी लोणच्याची कृती सांगत होतं. ती अख्खी कृती संपली.

"माठाचं मी समजू शकते," आत्या म्हणाली. "ती येडेपणाची गोष्ट हाय. साहेबानं सांगितलं, तू केलंस. या अकरा दिसांना काय म्हणायचं?"

"माहीत नाही."

"आमच्याकडं त्याला एक नाव होतं. सांगू?"

"नको."

"बरं." ती कठड्याला धरून उठली. मी हात पुढे केला, तो तिनं बघितला नाही. "उद्या धा वाजता लिहून द्यायचं. अकरा दिस पण लिवायचे."

*

लिहून दिलं. अकरा दिवसही लिहिले. महिन्याभरानं वरून उत्तर आलं. कुंभारसाहेबांची बदली मत्स्य खात्यात झाली, अशा गावी जिथं टँकरनं पाणी येतं. मला नोकरीवरून काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. पत्रात लिहिलं होतं, की मूळ तपासणी ज्या कर्मचाऱ्याने केली त्यानेच, मूळ क्रमाने, सर्व अर्जदारांची फेरतपासणी करावी. इतर कर्मचाऱ्यांवर विनाकारण भार टाकू नये. फलकावरचा फोटो काढण्याबद्दल काही आदेश नव्हता, त्यामुळे तो तसाच राहिला.

मी आत्याला म्हणालो, "तुझं पहिलं करून घेऊ. साज लवकर येईल."

"माझा नंबर कितवा?"

"एक्क्याण्णव."

"मग नव्वद झाल्या की बोलीव."

"आत्या, रोज चारच होतात. महिना जाईल."

"माझ्या पुढं नव्वद जणी उभ्या हायत, शौऱ्या. रांग मोडून गेले तर मला तिथं तोंड दाखवता येईल का? तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. रोज चार. एक बादली, दोन हात. कुणी माझी चौकशी केली, कुणी केली नाही. एका निवृत्त सुभेदारबाईंच्या डाव्या पायाला तीन बोटं नव्हती आणि त्या नसलेल्या बोटांत रात्रंदिवस आग व्हायची. मी बूट काढून माझी बोटं मोजून बघितली. एका रेडिओ ऑपरेटर मुलीच्या कानामागे सतत एक तार ताणलेली होती. पट्टे काढल्यावर मला ती शांतता इतकी गोड लागली, की मी हसलो, आणि मग ती अजून त्याच तारेखाली बसली आहे हे लक्षात आलं. एकीनं मला विचारलं, "मागच्या वेळी मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की मी नाटकी आहे असं सरकार म्हणतंय. आता त्याला काय सांगू?" मी म्हणालो, माझं नाव सांगा.

चौतिसाव्या दिवशी, कारण मध्ये सुट्ट्या आणि एकदा बर्फाची गाडी आली नाही, आत्या आली. गावातून चालत. साज नव्हताच.

"हवालदार ऋतुजा बाबर," मी म्हणालो.

"हजर."

आम्ही एका बादलीत हात घातले. तिची बोटं माझ्या बोटांना लागत होती. मिनिटभर आम्ही दोघंही बर्फाच्या खड्यांकडे बघत बसलो. मग पट्टे.

तिनं आयुष्यभर ट्रकचे नट आवळले. तिच्या कण्यात तसाच एक पाना बसलेला होता. तो आवळत होता आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आता आटे संपले, आणि मग अजून अर्धा फेरा निघायचा. तिथून आग डाव्या पायाच्या टाचेपर्यंत उतरत होती. मी टेबलाची कड धरली. मला वाटलं, थांबेल. पुढच्या श्वासाला थांबेल. मग कळलं, यात थांबणं हा भागच नाहीये. याच्यावर ती भाकरी थापत होती. याच्यावर ती हसत होती.

समोर तिचा चेहरा एसटीची वाट बघत होता. पण माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो मोडला. तिनं मान खाली घातली. कुणी न विचारता आत आल्यावर बाई पदर ओढून घेते, तशी ती आकसली.

"काढ ते," ती म्हणाली. "बास झालं. काढ."

"आत्या..."

"काढ म्हणलं ना."

आठ पूर्णांक तीन. मी आकडा मोठ्यानं वाचला. तसा नियम आहे. नामाअण्णा सही करायला पुढे आले, पेन उघडलं, आणि थांबले. "लाव की मला," ते म्हणाले. मी माझा पट्टा काढून त्यांच्या पाठीला लावला. तिसऱ्या सेकंदाला त्यांनी तो स्वतःच ओढून काढला. मग खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि पंचनाम्यावर इतक्या सावकाश सही केली, की जणू पहिल्यांदाच करत होते. जाताना आत्याला म्हणाले, "बाय, चुकलं आमचं." आत्या म्हणाली, "चहा कुठाय, अण्णा?"

साज परत यायला आठ दिवस लागणार होते. आम्ही दोघं घरी निघालो.

"घरात सांगू नको कुणाला," आत्या म्हणाली. "तुझ्या बापाला तर अजिबात न्हाई. फोन करकरून जीव खाईल."

"नाही सांगत."

"आणि आता उठसूट माझ्या हातातलं काढून घ्यायचं न्हाई. कळलं का? तुला ठावं झालं म्हणून मी काय म्हातारी झाले न्हाई."

"नाही घेत."

"तुला ठावं व्हायला नको होतं," ती म्हणाली. "बाकी कुणालाही चाललं असतं."

मी तिच्यापेक्षा अर्धं पाऊल मागे चालत होतो. बाजारपेठ संपली तिथं ती एका विजेच्या खांबापाशी थांबली. खांबावर दहावीच्या गणिताच्या शिकवणीची जाहिरात होती. आत्यानं ती वाचायला घेतली. दहावीच्या गणिताशी तिचा काही संबंध नव्हता. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तीच जाहिरात वाचली. सरांचं नाव, पत्ता, वेळ, मागच्या वर्षीच्या गुणवंतांची यादी. यादी संपली. आत्या अजून वाचत होती. मी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.